मिगदाय ते इनामगाव : हरणाचा चारा कोणी द्यायचा?

तथागत भगवान बुद्धांनी आपला पहिला उपदेश कोठे केला, असे विहारात येणाऱ्या लहानग्या पोराला विचारले तरी ते चटकन् 'सारनाथ' म्हणून सांगते. परंतु त्या जागेचे पालि नाव 'इसिपतन मिगदाय' असे आहे, आणि मिगदाय म्हणजे हरणांना दिलेले अभयस्थान, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. धम्मचक्राच्या दोन्ही अंगांना मान उंचावून बसलेली दोन हरणे आपण कितीतरी चित्रांत बघतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीच्या आसनावर ती कोरलेली आहेत. त्याच लेण्यात एका खांबावर चार हरणांच्या अंगांना मिळून एकच डोके दाखविणारे शिल्प आहे. सतराव्या लेण्यात रुरु मृगाची जातककथा रंगविलेली आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या बौद्ध शिल्पात आणि चित्रात हरीण जागोजागी आहे. मग ते आपल्या शिवारातून का गेले? ते परत यावे, आले तर टिकावे, असे वाटत असेल तर जमीन कोणाची आणि चारा कोणाचा? आमच्या इनामगावच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. तीन हजार वर्षांहून जुनी अशी या प्रश्नाची साक्ष आमच्या गावच्या पांढरीत पुरलेली होती.

इनामगावची हाडे काय सांगतात

शिरूर तालुक्यात, दौंडच्या हद्दीजवळ, घोड नदीच्या काठी आमचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ सालापासून १९८३ पर्यंत येथे हंगामामागून हंगाम उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी ही त्या कामातील मोठी नावे. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती, असे या उत्खननातून सिद्ध झाले. पहिली वस्ती माळवा संस्कृतीची, मग पूर्व जोर्वे, आणि शेवटी उत्तर जोर्वे असे तिचे तीन काळ पाडतात. शंभरावर घरे उघडी झाली. पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्याजवळचे धान्याचे कोठार, पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी काढलेला पाट व बांध, हे सारे इथे सापडले. आज शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातही इनामगावचे नाव येते, याचा आम्हांस अभिमान आहे.

पण आपल्याला इथे घरांपेक्षा हाडांकडे बघायचे आहे. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा या पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर रानच्या जनावरांची हाडेही इथे मिळाली, आणि त्यात सांबर, चितळ व काळवीट आहेत. अनेक हाडांवर तोडल्याच्या खुणा आहेत, काही भाजलेली आहेत. म्हणजे ही जनावरे खाल्ली जात होती, हे उघड आहे.

आता बघा, आपण सगळ्यांनाच 'हरीण' म्हणतो. परंतु सांबर व चितळ हे सारंग. त्यांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली असतात व ठराविक काळाने गळून नवी येतात. काळवीट व चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. सांबर-चितळाला झाडीची सावली लागते. काळवीटाला उलट मोकळा माळ लागतो. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला वाट पाहिजे, हाच त्याचा किल्ला. या दोन्हींची हाडे एकाच गावात सापडतात, यावरून त्या काळी या टापूत झाडीही होती आणि गवताचा माळही होता, असे आम्ही समजतो. जंगल, माळ आणि नांगरलेली काळी माती, तिन्ही एकमेकांना लागून होती.

पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, पाऊस घटला, असे उत्खनन करणाऱ्या विद्वानांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा जोर कमी झाला व माणसे शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर अधिक विसंबू लागली. शेवटी इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ही वस्तीच उठली. यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. दुष्काळ पडला की पहिला भार रानावर येतो. कोठार रिकामे झाले की माणूस हरणाकडे वळतो. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला करुणेचा उपदेश करून हरीण वाचत नाही.

मिगदायाची कथा

निग्रोधमिग जातकात वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाची गोष्ट आहे. राजाला मांसाशिवाय जेवण गोड लागत नसे. तो रोज शिकारीला निघे आणि रान उठवायला गावोगावची माणसे वेठीला धरी. लोकांची कामे खोळंबली. मग लोकांनी आपसांत विचार केला, राजाच्या उद्यानात हरणांसाठी गवत पेरले, पाण्याची सोय केली, आणि रानातली हरणे हाकत आणून आत कोंडली. चारा आणि पाणी देऊन हरीण एका जागी टिकविण्याची ही आपल्या वाङ्मयातली फार जुनी हकीकत होय. पण ती केली कशासाठी? वेठ चुकावी म्हणून. गरिबाने आपला भार हरणावर ढकलला.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. दोन कळपांच्या हरणांनी पाळी लावली. एकदा एका गाभण हरिणीवर पाळी आली, तिच्या कळपाच्या प्रमुखाने तिचे ऐकले नाही, तेव्हा निग्रोध नावाचा मृगराज, म्हणजे बोधिसत्त्व, तिच्या जागी स्वतः मान ठेवून पडला. राजा विरघळला. त्याने आधी त्या दोघांना, मग साऱ्या हरणांना, आणि शेवटी चारपायी जनावरे, पक्षी व मासे यांनाही अभय दिले.

कीर्तन-प्रवचनात गोष्ट बहुधा इथेच संपवतात. आमच्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. अभय मिळाल्यावर हरणे निर्धास्त झाली आणि शेतात शिरून पीक खाऊ लागली. राजाचा शब्द गेलेला, त्यामुळे शेतकऱ्यांना हात उगारता येईना. ते राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, पण राजा शब्द मोडायला तयार नव्हता. हे निग्रोधाच्या कानावर गेले तेव्हा त्याने आपल्या कळपाला पीक खाऊ नका म्हणून बजावले आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला, की तुम्ही कुंपण घालू नका, शेताच्या कडेने फक्त पानांची खूण बांधा. तेव्हापासून हरणे पानाची खूण ओलांडीनात, असे जातक सांगते.

कथा ही कथाच आहे. हरीण काही पानाची खूण वाचत नाही. पण कथाकाराची दृष्टी किती व्यवहारी होती पाहा! राजाने अभय दिले, त्याची कीर्ती झाली. किंमत मात्र शेतकऱ्याच्या पिकाने मोजली. हा अन्याय कथाकाराला दिसला, आणि तो मिटल्याशिवाय त्याने कथा संपविली नाही. अभयदान पुरे व्हायचे तर हरीण आणि शेतकरी यांच्यात तोड निघाली पाहिजे, हा या कथेचा धडा आहे. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगानेही सारनाथच्या मृगवनाशी निगडित अशी या मृगराजाची कथा नोंदविली आहे.

अशोकाची आज्ञा

कथेकडून इतिहासाकडे येऊ. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात त्याने स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब दिला आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर व एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो म्हणतो. स्वतःच्या ताटापासून सुरुवात करणारा राजा विरळाच.

आठव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेच्या शिकारीला जात. आपण संबोधीला जाऊन आल्यापासून त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रातच, सोपारा येथे, पं. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, तसेच विनाकारण किंवा जीवहिंसेसाठी रानाला आग लावू नये, अशी आज्ञा आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी विहिरी खोदल्याचा व झाडे लावल्याचा उल्लेख आहे. म्हणजे नुसते 'मारू नका' म्हणून अशोक थांबला नाही. रान जाळू नका, पाण्याची सोय करा, हेही त्याने सांगितले. हरणाला तीन गोष्टी लागतात : गवत, पाणी आणि निर्भयता. यांपैकी एक जरी कमी पडली तरी ते निघून जाते.

माळ कसा गेला

आमचा भाग पर्जन्यछायेचा. नदीकाठी काळी, वर चढत गेले की मुरमाड. या मुरमाड माळावर पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा अशी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. पाहणाऱ्याला हा माळ ओसाड वाटतो. सरकारी दप्तरांत अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची रीत पडली, आणि तिथेच घात झाला. पडीक म्हटले की ती 'सुधारायची' आली. कुठे नांगर चालला, कुठे वनीकरण म्हणून गिरिपुष्प लावले गेले, कुठे वेड्या बाभळीने आपणच रान मांडले. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरे, परंतु काळवीटाच्या माळावर दाट झाडी केली की गवत मरते आणि काळवीटाला लांबचे दिसेनासे होते. हिरवे दिसते ते सगळेच हरणाच्या कामाचे नसते.

त्यात चिंचणीला घोड धरण झाले, कालवे आले. ऊस आला, घरात चार पैसे आले. पाण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना पाण्याचे मोल ठाऊक आहे. पण उसाच्या दाट फडात काळवीट राहत नाही. त्या फडात आता बिबट्याने घर केले, हे शिरूर तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट व चिंकारा पहिल्या अनुसूचीत आले व त्यांच्या शिकारीला कडक शिक्षा ठरली. पुढे १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळवीट अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौ. कि. मी. आहे. १९९७ साली बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले, ते चिंकाऱ्यासाठी, ५.१४ चौ. कि. मी. दोन्ही ठिकाणी जनावर टिकले ही समाधानाची गोष्ट आहे. पण आकडे नीट वाचा. दोन-पाच चौरस किलोमीटरच्या तुकड्यात हरणाचा संसार मावत नाही. हद्दीचा दगड ओलांडला की ते कोणाच्या तरी ज्वारीत, हरभऱ्यात उभे असते. म्हणजे कागदावर अभयारण्य सरकारचे, पण हरणाचे निम्मे पोट खाजगी रानावर!

कायदा वरून आला तेव्हा

याच्या उलट टोकाचे उदाहरण माळढोकाचे. १९७९ साली सोलापूर-नान्नज व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ते तब्बल ८,४९६ चौ. कि. मी. चे. त्यात आमच्या शेजारचा श्रीगोंदा तालुकाही येत होता. गावेच्या गावे, खाजगी शेते, वस्त्या सगळे त्यात आले. जमिनीच्या व्यवहारावर बंधने आली आणि शेतकऱ्याच्या मनात पाखरूच शत्रू होऊन बसले. अखेर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि. मी. पर्यंत खाली आणले गेले. माळढोक मात्र त्या माळावरून जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्या जमिनीवर अभय द्यायचे त्याला विचारायचे राहून गेले. ब्रह्मदत्ताच्या राज्यात शेतकरी गाऱ्हाणे घेऊन गेले होते, तेच गाऱ्हाणे हे.

जमीन आणि आपला समाज

आता जे सांगायचे ते थोडे कडू आहे. माळ राखा, गायरान राखा, असे बोलणे सोपे आहे. पण गावोगावी आपला समाज याच माळाच्या कडेला राहिला. महार वतनाच्या जमिनीच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या गावाची वेठ केली. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ नंतर. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बायाबापड्या पोरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. मागणी काय होती? पडीक व गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या.

म्हणून उद्या कोणी हरणाचे नाव पुढे करून गरिबाची एक-दीड एकर गायरान जमीन काढून घेऊ म्हणेल, तर ते आम्हांला मान्य होणार नाही. हरणासाठी पहिला त्याग ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडून मागायचा, ही ब्रह्मदत्ताच्या वेठीचीच नवी आवृत्ती ठरेल. पण त्याचबरोबर, हरीण हा 'त्यांचा' विषय, आपला नव्हे, असे म्हणून सुटता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण दर कार्यक्रमाला म्हणतो. म्हणायची तर पाळायलाही हवी. मार्ग मधला आहे : ज्याची जेवढी जमीन, त्याने तेवढा वाटा उचलायचा, आणि पीक गेले तर भरपाई सर्वांच्या, म्हणजे सरकारच्या, तिजोरीतून यायची.

करण्यासारखे काय आहे?

वाचकहो, यात जगावेगळे काही नाही. जमीनवाल्याला आपल्या रानात राहून करता येईल असेच आम्ही सांगतो.

मुरमाड माळाचा जो तुकडा पिकत नाही तो नांगरू नये, त्यावर दाट झाडेही लावू नयेत. पावसाळ्यात चराई बंद ठेवून गवत वाढू द्यावे, आणि बी पिकून गळाल्यावरच कापावे, म्हणजे पुढच्या साली गवत आपसूक येते. कापलेला चारा आपल्या गुरांना होतो, खुंट व नवे फुटवे हरणाला. दुष्काळी भागात वनखात्याने राखलेल्या कुरणांचा अनुभव असाच आहे. माळ पेटवू नये. वेडी बाभूळ, घाणेरी दाट झाली असेल तर काढावी. मेंढपाळ बांधवांना मात्र हाकलू नये; त्यांच्याशी बोलून माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने चराई ठरवावी. त्यांचा आणि माळाचा संबंध आपल्याहून जुना आहे.

उन्हाळ्यात एखादा उथळ पाणवठा करावा, बशीसारखा, चारी बाजूंनी उतरता. सरळ भिंतीच्या टाक्यात पाडस पडले तर बाहेर येत नाही. त्याहून निकडीचे म्हणजे उघड्या विहिरी. रात्री कुत्र्यांनी पिटाळलेले हरीण बिनकठड्याच्या विहिरीत पडते आणि सकाळी फुगून वर येते. कठडा बांधला तर हरीण वाचेल आणि आपली पोरेही वाचतील. वस्तीवरची कुत्री रात्री बांधून ठेवावीत. काटेरी तारेने सगळा माळ वेढू नये, आणि तारेत वीज तर कदापि सोडू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मेलेली आहेत.

गवतात एकटे पाडस दिसले की पोरे कनवाळूपणाने उचलून घरी आणतात. असे करू नये. आई त्याला लपवून जवळपास चरायला गेलेली असते. हरीण टिकवायचे म्हणजे घरात पाळायचे नव्हे. तसे करणे कायद्याने गुन्हा आहेच, आणि ते पाडस बहुधा जगतही नाही.

पीक खाल्ले तर ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई देण्याची शासनाची योजना आहे. पण अर्ज कसा लिहायचा, सातबारा कुठे जोडायचा, हे अडाणी किंवा एकट्या बाईला कोण सांगणार? हे काम विहाराने करावे असे आम्हांस वाटते. आपल्याकडे शिकलेली मुले आहेत. वंदना झाल्यावर अर्धा तास बसून त्यांनी अर्ज लिहून दिले, तर तेही धम्मकार्यच होईल. पानाची खूण बांधणे म्हणजे आजच्या काळात हेच. शेतकऱ्याला न्याय मिळाला की त्याचा हात हरणावर उठत नाही.

आज आमच्या शिवारात हरीण रोज दिसेल असे नाही. ऊस आहे, रस्ते आहेत, वस्त्या वाढल्या आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचे रान परत येणार नाही, आणि ते आणण्याची भाषाही कोणी करू नये. परंतु घोडेच्या काठावर राहिलेल्या त्या पहिल्या शेतकऱ्यांच्या चुलीपाशी हरणाची हाडे सापडली, आणि आपण त्याच मातीवर बुद्धाचे नाव घेतो, याचा अर्थ आपल्या वागण्यातून दिसला पाहिजे. या वर्धापनदिनी निदान एवढा ठराव करू या : ज्यांची विहीर उघडी आहे त्यांनी पुढच्या उन्हाळ्याच्या आत कठडा बांधावा, आणि ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांच्या विहिरीला विहाराच्या तरुणांनी श्रमदान करावे. सुरुवात तिथून झाली तरी पुष्कळ आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!